हजेरीपटावरची मुले

(ताथवडे येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाची संहिता)



ताथवडे म्हटले की जुन्या पुणेकरांना सरकारी वळू-माता प्रक्षेत्र आठवत असे. पुढे महामार्ग रुंदावला, हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसले, २००९ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि पाहता पाहता उसाच्या आणि ज्वारीच्या रानात अभियांत्रिकी महाविद्यालये, व्यवस्थापन संस्था आणि पंधरा-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत राहणारी कुटुंबे बहुतेक बाहेरून आलेली. कुणी लातूर-बीडकडचे, कुणी खानदेशातले, कुणी सांगली-कोल्हापूरचे. वडील हिंजवडीत संगणकासमोर किंवा चाकण-भोसरीच्या कारखान्यात पाळीत. ही माणसे शिक्षणाच्या बळावर इथवर पोहोचली आहेत. म्हणूनच मुलांच्या शिक्षणाविषयी त्यांच्या मनात जी आच आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये.

या आचेपोटी इथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा दिवस कसा जातो, ते पाहण्यासारखे आहे. भूमकर चौकात हिंजवडीची गर्दी तुंबण्यापूर्वी त्याला घराबाहेर पडावे लागते. सकाळपासून दुपारपर्यंत क्लास, मग डबा, मग शंका-निरसनाचा तास, मग अभ्यासिका. रविवारी सराव परीक्षा. घरी येईतो दिवेलागण झालेली असते आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीची प्रश्नपत्रिका सोडवायची असते. या सगळ्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे महाविद्यालय. त्याचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आहे. तिथे तो अर्ज भरायला, ओळखपत्र घ्यायला आणि प्रात्यक्षिक परीक्षेला जातो. उरलेले दिवस तो तिथे उपस्थित आहे असे कागद सांगतो. या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव आहे. बोलीभाषेत 'टाय-अप' म्हणतात. पालकांना ते ठाऊक असते, महाविद्यालयाला ठाऊक असते, क्लासला तर असतेच. मुलालाही असते, आणि आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा तोच आहे. पण तिथे पोहोचण्याआधी थोडा हिशेब मांडावा लागेल.

अभ्यास फार वाढला आहे, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती पुरती खरी नाही. राज्य मंडळाने अकरावीची नवी पाठ्यपुस्तके २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये आणली. त्यातले पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बरेच जवळ आणलेले आहे. न्यूटनचे नियम मंडळाचे वेगळे आणि आयआयटीचे वेगळे नसतात. मग ओझे कशाचे आहे? ते आहे एकाच विषयाच्या चार तऱ्हांच्या परीक्षांचे. मंडळाची परीक्षा उत्तर लिहायला लावते. सिद्धता, आकृती, पायऱ्या, सारे मांडावे लागते. राज्याच्या सीईटीत पदार्थविज्ञान आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे शेवटच्या मिनिटाला उरलेली वर्तुळे टिचकीसरशी भरून टाकणे हेही तिथे शहाणपण ठरते. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना तीन तास, पण चुकल्यास गुण वजा. वैद्यकीयच्या नीटमध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. तिथेही वजाबाकी. एका परीक्षेत धाडस हा गुण, दुसरीत तोच दोष. सोळा वर्षांच्या मुलाने सकाळी एक सवय लावून घ्यायची आणि संध्याकाळी ती मोडायची, असा हा प्रकार आहे.

२०२५ चेच वेळापत्रक पाहा. २२ जानेवारीला जेईई मेनचे पहिले सत्र सुरू झाले. त्याच सुमारास महाविद्यालयांत प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. ११ फेब्रुवारीला बारावीची लेखी परीक्षा सुरू झाली. २ एप्रिलपासून जेईईचे दुसरे सत्र, ९ एप्रिलपासून सीईटीचा जीवशास्त्र गट, १९ एप्रिलपासून गणित गट, ४ मे रोजी नीट, १८ मे रोजी जेईई अॅडव्हान्स्ड. त्यातच २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. त्या सत्रातील विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी ठेवण्यात आली, आणि बारावीचा निकालही नेमका ५ मे रोजीच लागला. म्हणजे काही हजार मुलांनी ज्या दिवशी एका परीक्षेचा निकाल पाहिला, त्याच दिवशी दुसरीची फेरपरीक्षा दिली. या मुलांकडून काही चूक झालेली नव्हती, एवढे तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सभागृहात जे साठीच्या पुढचे असतील त्यांना 'इंटर सायन्स' आठवत असेल. त्या एका परीक्षेच्या गुणांवर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश होत. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार १०+२+३ हा आकृतिबंध आला, महाराष्ट्रात दहावीची पहिली तुकडी १९७५ मध्ये बाहेर पडली, आणि इंटरची जागा बारावीने घेतली. जागा अगदी थोड्या होत्या. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, कऱ्हाड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती अशी बोटांवर मोजण्याजोगी नावे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, देणग्यांचा बाजारही झाला. पण आज ताथवडे, आकुर्डी, निगडी, पिंपरी या पट्ट्यात अभियांत्रिकीची जेवढी महाविद्यालये दिसतात त्यांचा उगम त्या निर्णयात आहे, आणि सामान्य घरातील लाखो मुलांना अभियंता होता आले तेही त्यामुळेच, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर मात्र धोरणात सातत्य राहिले नाही. बारावीचे गुण बाजूला सारून सीईटी आली. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी सीईटी बंद ठेवून जेईई मेन आणि बारावी यांचे गुण एकत्र धरले गेले. २०१६ मध्ये सीईटी परत आली. वैद्यकीयमध्ये २०१३ साली नीट झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि २०१७ पासून नीट अनिवार्य झाली. अकरावीच्या प्रवेशाचीही तीच कथा. २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय, दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' उच्च न्यायालयात पडले आणि सर्वोच्च न्यायालयात तरले. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही म्हणून अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली, ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. मे २०२५ मध्ये संपूर्ण राज्याचे अकरावी प्रवेश प्रथमच एकाच ऑनलाइन पद्धतीत आणले गेले, तेव्हा पहिल्याच दिवसांत संकेतस्थळ कोलमडले.

ज्या पालकाने हे सगळे पाहिले, त्याने 'उद्या नियम कोणता असेल कोण जाणे, मुलगा सगळ्याच परीक्षांना तयार असलेला बरा' असे ठरवले तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. शासनाच्या धरसोडीतून निर्माण झालेल्या या भीतीवर क्लासचा व्यवसाय उभा आहे. क्लासवाल्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांनी बी पेरलेले नाही. तयार शेतात त्यांनी पीक घेतले, इतकेच.

आता स्पर्धेचा हिशेब. स्पर्धा खरीच आहे, पण सगळीकडे सारखी नाही, आणि हा फरक क्लासच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. २०२५ मध्ये जेईई मेनसाठी देशभरातून पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. सगळ्या आयआयटी मिळून जागा सुमारे अठरा हजार. नीटला बावीस लाखांवर विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. त्यातही सरकारी शुल्काच्या जागा निम्म्याच्या आसपास. इथे दरवाजा खरोखर अरुंद आहे. राज्यातील अभियांत्रिकीचे मात्र तसे नाही. २०२५ मध्ये सीईटीच्या गणित गटाला चार लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात होत्या.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे अनेक घरांत अजून उमगलेले नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या नव्वदांच्या बरोबरीने किंवा पुढे. चार लाखांत ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे चार हजार मुले असतात, ९५ वाल्याच्या पुढे वीस हजार आणि ९० वाल्याच्या पुढे चाळीस हजार. जागा दोन लाख. म्हणजे ज्या मुलाला ८५ पर्सेंटाइल मिळाले म्हणून घरात सुतक पाळले जाते, त्याच्या पुढे साठ हजार मुले आहेत आणि त्याला अभियंता होण्यापासून कोणीही रोखलेले नाही. त्याला हवी ती शाखा हव्या त्या महाविद्यालयात कदाचित मिळणार नाही. बहुतेक घरांत 'हवी ती शाखा' म्हणजे संगणक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवल्यानंतर संगणकाच्या जागा भराभर वाढल्या. चाकणच्या वाहन-उद्योगाला रोज लागणाऱ्या यंत्र आणि उत्पादन शाखांकडे मात्र त्याच पट्ट्यातील मुले पाठ फिरवतात. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना साठच्या दशकात उभा राहिला. त्याच्या प्रशिक्षणशाळेतून शिकाऊ उमेदवार म्हणून बाहेर पडलेल्या मुलांनी या शहरात घरे बांधली, संसार केले, लघुउद्योग काढले. त्यांची नातवंडे आज यंत्र शाखा 'नाइलाज' म्हणून घेतात, ही या शहराची मोठी गंमत म्हणावी लागेल. गंमत हा शब्द इथे सौम्य आहे.

आता हजेरीपटाकडे वळू.

बारावी विज्ञानाच्या प्रत्येक विज्ञान विषयात ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला असतात. हे तीस गुण ठेवण्यामागे हेतू होता. वर्षभर मुलाने प्रयोगशाळेत उभे राहावे, ब्युरेटमधून एकेक थेंब सोडताना रंग कोणत्या थेंबाला बदलतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, व्हर्निअर कॅलिपर हातात धरून मापावे, चुकावे, पुन्हा मापावे. 'टाय-अप'मधला मुलगा जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्यांदा ते यंत्र पाहतो. तोवर त्याची जर्नल कुणाच्या तरी वहीवरून उतरवून पूर्ण झालेली असते. वाचने आधी लिहिलेली, सह्या नंतर घेतलेल्या. आणि गुण? तीसपैकी अठ्ठावीस, एकोणतीस. भोसरीच्या कुठल्याही टूल-रूममध्ये जा, दहावी झालेला कामगार व्हर्निअर आणि मायक्रोमीटर सराईतपणे वापरताना दिसेल. ज्याला पुढे त्याच कामगाराचा वरिष्ठ व्हायचे आहे त्या मुलाने ते उपकरण न वापरता त्याचे पूर्ण गुण घेतलेले असतात.

प्रयोग नंतरही शिकता येतात, असे कुणी म्हणेल. शिकता येतात, हे खरे. पण सोळाव्या वर्षी त्या मुलाने आणखी एक गोष्ट शिकून घेतलेली असते आणि ती पुसणे कठीण असते. आपण जिथे नव्हतो तिथे होतो असे आई-वडिलांच्या संमतीने लिहून देता येते, शिक्षक त्यावर सही करतात आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, हे तो शिकतो. आपल्या घरांत रोज संध्याकाळी दिवा लागतो, शुभंकरोती म्हटली जाते, खोटे बोलू नये हे मुलाला तिसऱ्या वर्षापासून सांगितले जाते. आणि त्याच घरात, त्याच्या भल्यासाठी म्हणून, दोन वर्षांचे खोटे लिहून घेतले जाते. पुढे हाच मुलगा अभियंता होऊन पुलाच्या तपासणी अहवालावर सही करणार आहे, डॉक्टर होऊन रुग्णाच्या कागदावर नोंद करणार आहे. प्रत्यक्ष न पाहता सही करू नये, हे त्याला कोण आणि कधी सांगणार?

शासनाने प्रयत्न केले नाहीत असे नाही. २०१८ मध्ये मुंबई, पुण्यासह काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्यात आली. केंद्रीय मंडळाने २०२४ मध्ये अशाच नावापुरत्या प्रवेशांबद्दल काही शाळांची संलग्नता काढून घेतली. तरीही प्रकार थांबलेला नाही, कारण यात तक्रार करणाराच कुणी नाही. महाविद्यालयाला शुल्क मिळते, क्लासला विद्यार्थी मिळतो, पालकाला दोन तासांचा प्रवास वाचल्याचे समाधान मिळते. रिकाम्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या चांगल्या प्राध्यापकाला तेवढे काही मिळत नाही. असे प्राध्यापक आहेत, आणि त्यांची शिकवण्याची उमेद दरवर्षी थोडी थोडी खचते आहे.

या संदर्भात लातूरचे उदाहरण नीट समजून घेण्यासारखे आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आज क्लासच्या पाट्यांवर दिसतो. पण ज्या काळी तो नावारूपाला आला त्या काळी त्याचा गाभा महाविद्यालयातच होता. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमधील प्राध्यापक आपल्याच विद्यार्थ्यांना आपल्याच इमारतीत जादा तास घेऊन, वारंवार चाचण्या घेऊन, चुका दाखवून तयार करत होते. मुलगा हजेरीपटावरही होता आणि बाकावरही. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला तो त्यामुळे. पुढे त्या यशाभोवती बाजार जमला, हा वेगळा भाग. पण मूळ कल्पना पिंपरी-चिंचवडमध्ये का रुजू नये? इथे संस्था आहेत, इमारती आहेत, प्राध्यापक आहेत.

बुद्धिमान मुलाला अधिक अवघड अभ्यास द्यायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. तो कसा द्यावा याचे धडे याच शहराजवळ मिळतात. ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा विचार केला. तिची निगडीची शाळा इथून फार दूर नाही. गणिती श्रीराम अभ्यंकर यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिंपियाडची तयारी करणारी मुले एका गणितावर तासन्‌तास बसतात. कधी ते सुटते, कधी घरी जाऊन रात्रीही सुटत नाही. ५४ सेकंदांत उत्तर हेरण्याचे कसब आणि एका प्रश्नापाशी चार तास टिकून राहण्याची चिकाटी, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. परंतु संशोधक घडतो तो दुसरीतून, आणि 'टाय-अप'च्या दिनक्रमात तिला जागा नाही.

हे आपल्याकडेच घडते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही शाळकरी मुलांवर 'एपी' नावाच्या प्रगत अभ्यासक्रमांचा भार असतो. कुणाच्या मुलाने असे किती विषय घेतले याची चर्चा गणेशोत्सवाच्या मंडपात होते म्हणतात. तिथे निदान तो विषय शाळेतच, शाळेच्या शिक्षकाकडून शिकवला जातो. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर एका फटक्यात बंदी घातली. परीक्षा मात्र तशीच राहिली, त्यामुळे शिकवण्या लपूनछपून आणि अधिक महाग झाल्या. बंदीने हा प्रश्न सुटत नाही, हे त्यातून दिसते.

आणि एक विषय टाळता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. प्रत्येक मृत्यू परीक्षेमुळेच झाला असे म्हणणे चूक ठरेल. कारणे अनेक असतात, गुंतलेली असतात. पण मूल अबोल झाले, जेवण टाळू लागले, झोप उडाली, 'माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले' असे म्हणू लागले, तर ते अभ्यासाचे दडपण म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी जवळ बसवावे, ऐकून घ्यावे, आणि समुपदेशक किंवा मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यायला लाजू नये. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. पूर्वी घरात आजी असे. निकाल काहीही लागो, ती पानात वाढलेले जेवण संपवायला लावत असे. ताथवड्याच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ती आजी गावी राहिली आहे, तेव्हा तिचे काम आई-वडिलांपैकी कुणाला तरी करावेच लागेल. जमल्यास परीक्षेच्या वर्षी तिलाच चार महिने इकडे आणावे.

पालकांच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, चारही परीक्षा द्यायच्या नाहीत. अकरावीच्या दिवाळीपर्यंत मुलाचा कल आणि आवाका बऱ्यापैकी कळतो. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही 'असू दे' म्हणून ठेवून दोन्ही दगडांवर पाय ठेवलेली मुले बहुधा दोन्हीकडे मागे पडतात. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने सीईटी मुख्य धरावी. जेईईची झेप दिसत असेल तरच तिच्यासाठी वेगळा वेळ द्यावा. सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के आहे, पण बारावीचे निम्मे प्रश्न अकरावीच्या पायावर उभे असतात. मंडळ अकरावीची परीक्षा घेत नाही म्हणून ते वर्ष ढिले सोडले जाते आणि त्याची किंमत बारावीच्या डिसेंबरात कळते. शिवाय बारावीचे गुण अगदीच निरर्थक नाहीत. एनआयटीसाठी ७५ टक्के किंवा मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहेच.

क्लास लावायचा असेल तर जरूर लावावा, पण डोळे उघडे ठेवून. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलाला प्रवेश देऊ नये, गुणांची हमी देणारी जाहिरात करू नये आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत गुणांवरून तुकड्या पाडू नयेत असेही सांगितले आहे. 'स्टार बॅच' आणि बाकीचे अशी विभागणी करणाऱ्या क्लासमध्ये सहामाहीच्या चाचणीनंतर खालच्या तुकडीत ढकललेल्या मुलाचे शुल्क तेवढेच असते, त्यावर १८ टक्के जीएसटीही तेवढाच, शिक्षक मात्र बदललेले असतात.

आणि वाटा एवढ्याच नाहीत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. या मार्गाने आलेल्या मुलाचा हात यंत्रावर बसलेला असतो आणि त्याने बारावीची जत्रा पाहिलेलीही नसते. निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून सुरू झाले. मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजीच्या धास्तीने मागे हटण्याचे कारण त्यामुळे एकाने कमी झाले आहे. नीट आणि जेईई मेनच्या प्रश्नपत्रिकाही मराठीत मिळतात. मूलभूत विज्ञानाची आवड असेल तर पाषाणची आयसर आहे, तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. देशसेवेची ओढ असेल तर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि मे २०२५ मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडीही बाहेर पडली. त्या परीक्षेच्या तयारीसाठी मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला शासनाच्या संस्था आहेत. ताथवड्याहून पाषाण आणि खडकवासला दोन्ही कोट्यापेक्षा फार जवळ.

राहिला प्रश्न येत्या जूनचा. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यावे लागतात. ते देण्यापूर्वी दोन-तीन महाविद्यालयांत आई-वडिलांनी मुलाला घेऊन स्वतः जावे. प्रवेशद्वाराशी लावलेल्या छायाचित्रांपाशी थांबू नये. प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. ब्युरेटवर धूळ आहे का पाहावे, सूक्ष्मदर्शकाची काच फुटलेली आहे का पाहावे, बारावीच्या वर्गात सकाळी अकरा वाजता किती मुले बसली आहेत ती मोजावीत. प्राध्यापक मंडळी भेटली तर आठवड्यात प्रात्यक्षिकांचे किती तास होतात ते विचारावे. ज्या महाविद्यालयात हे विचारल्यावर एखादे सर आनंदाने उठून स्वतःच किल्ल्या घेऊन प्रयोगशाळेकडे चालू लागतील, ते महाविद्यालय पसंतीक्रमात वर लिहावे, मग त्याचा मागल्या वर्षीचा कटऑफ चार गुणांनी कमी का असेना.